पिवळा डाग

(पेणजवळच्या खाडीकाठचं घर. भूमिकाला बघायला आलेली रोह्याची माणसं नुकतीच गेली आहेत.)

भूमिका : पाहुण्यांचं राहू दे. डबीतल्या माझ्या काचा कुठं आहेत, आई?

गोदूबाई : त्या व्हय? घासून ताटाळ्यात ठेवल्यात. पिवळे डाग पडले व्हते.

भूमिका : घासल्यास? कशानं?

गोदूबाई : साबनानं निघंना, मग खाडीची रेती घेतली.

भूमिका : आई, तो डाग म्हणजेच माझा अभ्यास होता.

गोदूबाई : काचेवर डाग पाडायला दिल्लीला गेली व्हतीस?

भूमिका : काचेत चांदी भरायची, मग मशीनमधून तिच्यावर आयनांचा मारा करायचा. चांदीचे कण एकत्र येतात आणि तेवढीच जागा पिवळी होते. सगळं वरच्या पापुद्र्यात असतं. तोच तू खरवडलास.

गोदूबाई : चांदी कधी पिवळी असते काय?

भूमिका : एवढी बारीक झाली की असते.

गोदूबाई : मग कर परत. मशीन काय पळून गेली?

भूमिका : वर्षभर थांबले तेव्हा पाळी मिळाली. आता पुढची मिळायच्या आत शिष्यवृत्ती संपेल. सोमवारी मुंबईत तपासायच्या होत्या या काचा. बाबांची तब्येत बिघडली म्हणालीस, म्हणून सरळ इकडं आले. बाबा तर मिठागरात फावडं मारतायत.

गोदूबाई : लग्नाचं सांगितलं असतं तर आली असतीस?

भूमिका : नसते आले. पण मी फोनवर सांगितलं होतं ना, छान डाग आलाय, जपून आणतेय?

गोदूबाई : मला वाटला गळ्यातला सोन्याचा डाग. पोरीनं सोताच्या कमाईचा केला, म्हनून रोह्याला कळवून बसले. आज नवऱ्या पोराची आय म्हनते, दाखवा डाग. आत येऊन तुझी पिशवी उलटी केली, तर या काचा.

भूमिका : मग?

गोदूबाई : मग काय? चहा उकळत व्हता, तवर घासत बसले.

भूमिका : म्हणजे राग काढलास.

गोदूबाई : व्हय, काढला. चार मानसांत माझं तोंड काळं झालं गो.

भूमिका : आणि माझं?

गोदूबाई : हे बघ, या एका काचेच्या कोपऱ्याला जरासा ऱ्हायलाय पिवळा. चालंल?

भूमिका : एवढासा नाय चालायचा. तोबी घासून टाकते. रेती कुठं ठेवलीस, आये?