कुलुपाआडचा कमळाचा टब

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय बाबुराव, व्यासपीठावरील ज्येष्ठ सभासद वैजनाथकाका, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या प्रियदर्शनीताई, आणि डास चावत असूनही शिस्तीत बसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, मी शर्मिला आपणा सर्वांना नमस्कार करते.

ताईंबद्दल चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. दवाखान्यातून थेट आले आहे, तेव्हा साडीकडे कृपया पाहू नका. माझ्या लेकीजवळ, मैत्रीजवळ, तिचे बाबा बसलेत. प्लेटलेट्स सकाळी पुन्हा उतरल्या.

तर, ताई. दर रविवारी त्या दारात उभ्या राहायच्या. कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, सगळं रिकामं करून घासायला लावायच्या. आपण काय म्हणायचो? "आमचं पाणी स्वच्छ आहे हो!" अहो, डेंग्यूच्या डासाला स्वच्छच पाणी लागतं. तोही पुणेकरच.

आपल्याला मात्र धूर आवडतो. मशीन आलं की सगळे गॅलरीत, फोटो काढायला. उडणारे थोडे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मजेत वाढतात आणि खोकत बसतो आपण. ताईंनी टाक्यांना जाळ्या बसवल्या, हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. गेल्या पावसाळ्यात धूर न करताही इथे कुणाला डेंग्यू झाला नाही.

मग यंदा काय झालं? ते माझ्या खिडकीतून दिसतं. समोरच्या विंगमधला बंद फ्लॅट. मालक, म्हणजे बाबुरावांचे भाचे, परदेशात. गॅलरीत कमळाचा मोठा टब. कमळ कधीच वाळलं, टब पावसानं काठोकाठ भरला. ताईंनी चावी मागितली, तर बाबुराव म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात असं शिरता येत नाही." तत्त्व उत्तम आहे. डासांना तेवढं कुणी कळवलं नाही. ते माझ्या घरात न विचारता शिरले.

बाबुराव, मी चिडलेली नाही. घाबरले आहे. मैत्रीला हा दुसऱ्यांदा डेंग्यू झालाय, आणि दुसरा जास्त वाईट असू शकतो म्हणतात. धाकट्या केयूरलाही पूर्वी एकदा होऊन गेलाय. मी एकीच्या उशाशी बसू, की दुसऱ्याला पांघरुणात घेऊन बसू? आणि ताई उद्या लोणी काळभोरला राहायला चालल्या. आता कोण येणार हो आमच्या दारात?

त्या फुलांमागे ताईंनी एक बरणी ठेवली आहे. त्यात गप्पी मासे आहेत, त्या टबासाठी. जाणाऱ्या माणसानं आपल्याला भेट आणली आहे आणि आपण शाल घेऊन बसलोय.

असो. ताईंचे आणि ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर आईच्या जिवाची घालमेल समजून पदरात घ्या. शाल कुणीही घाला. पण बाबुराव, ती चावी तुमच्या त्या जुडग्यात आहे, मला माहीत आहे. ती माझ्या हातात पडेपर्यंत मी हा माईक सोडणार नाही.