शेजारचं शेत

विशाल : फोन चालू होईल, काकी. फोनचं मी बोलतच नाहीये.

काशी : मंग मघापासून कशाचं बोलतोस?

विशाल : आतल्या मालाचं. अपडेट घेता घेता अडकलाय हा. बघा, नुसता लोगो येतो आणि बंद पडतो. आता रिसेट मारावा लागेल. रिसेट मारला की आतलं सगळं साफ. फोटो, नंबर, गेम, काय पण राहणार नाही.

काशी : फोटो जाऊ दे. दीपेशकडं हायेत सगळे. गेम रायला पायजे.

विशाल : कुठला गेम?

काशी : शेतीचा.

विशाल : कोंबड्या-गायीवाला? तुम्ही खेळता?

काशी : का, माज्या बोटांनी चालत न्हाय का तो?

विशाल : तसं नाही ओ. माझ्याकडं सगळी गोळीबाराच्या गेमवाली पोरं येतात. शेतीवालं पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही. बरं, लॉगिन कशानं केलं होतं? ईमेल? मोबाईल नंबर?

काशी : कशानंच न्हाय. दीपेशनं सांगून ठेवलंय, आई, फोनवर कसली पण खिडकी आली की 'नाही' दाब, पैशे जातात बँकेतले. तो गेम सारखा इचारायचा, शेत जपून ठेवायचं का. मी म्हणायची, माजं शेत मी जपते, तुला काय करायचंय. नि दाबायची 'नाही'.

विशाल : झालं. म्हणजे गेस्ट.

काशी : म्हंजे काय?

विशाल : म्हणजे पाहुण्या. शेत तुम्ही कसलंत, पण तुमचं नावच कुठं लागलेलं नाही. रिसेट मारला की गेम पहिल्यापासून सुरू. एक घर, दोन वाफे.

काशी : मंग मारू नको.

विशाल : नाही मारला तर फोन बंदच राहील.

काशी : राहू दे बंद. दे इकडं.

विशाल : अहो काकी, बसा जरा. मी देतो ना नवीन शेत लावून. दुपारी गिऱ्हाईक नसतं मला. चार दिवसांत पुढं नेऊन देतो. पाहिजे तर मी माझ्या फोनवर घेतो गेम, तुमचा शेजारी होतो. मग तर झालं?

काशी : तू शेजारी होऊन काय करशील, तुला नांगर धरता येतो का?

विशाल : त्यात नांगर कुठं आहे, बोट फिरवायचं नुसतं.

काशी : नवीन नको मला. तेच पायजे. आमचं शेत होतं ना वज्रेश्वरीच्या रोडला, अगदी तसं लावलंय मी ते. कोपऱ्यात विहीर. बांधाला आंबे. आणि खालच्या अंगाला भाताचं खाचर. गेममधी भात मिळत न्हाय. गहू मिळतो, मका मिळतो, भात न्हाय. कुणी बनवला तो गेम, त्यानं भात खाल्ला नसंल कधी. मी गहू लावते नि त्याला भात म्हणते.

विशाल : आणि खरं शेत कोण करतं आता?

काशी : कोण करणार. गोडाऊन झालं त्याच्यावर. निळे पत्रे दिसतात एसटीतनं. आमी आलो इकडं, तिसऱ्या माळ्यावर. दीपेश नि सूनबाय सकाळी ड्युटीला जातात, मंग मी नि भिंती. गावात निदान वाटेनं जाणारं तरी इचारायचं, काय काशी, जेवलीस का. हितं शेजारणीला म्हाईत न्हाय माजं नाव.

विशाल : एक मिनिट हां. (दारातल्या गिऱ्हाइकाला) नहीं भाई, डिस्प्ले आया नहीं अभी. शाम को आ जा. हां, पक्का. (काशीला) बोला काकी.

काशी : तूच बोल. तू काय खेळतोस?

विशाल : मी? गोळीबारच. पहिले चार जणांची टोळी होती आमची. दुकान बंद केलं की चौघं बसायचो, आपापल्या घरनं, पण कानात चौघं एकत्र. मग एक सौदीला गेला. एकाचं लग्न झालं, त्याला घरात आवाज नाही करता येत. कल्पेशला कापडाच्या लूमवर रात्रीची शिफ्ट लागली. आता गेम मला अनोळखी लोकांबरोबर टाकतो. कोण तेलुगू बोलतो, कोण नुसता शिव्या घालतो. मध्येच नेट जातं. नेट असलं तर अपडेट येतं, एवढं मोठं, की फोटो उडवावे लागतात. समोरचा चिटिंग करून भिंतीपलीकडनं मारतो.

काशी : मंग खेळतोस कशाला?

विशाल : रूमवर जाऊन करू काय? आणि खरं सांगू, मरायचं काय वाटत नाही. त्यात गोळी लागली तरी लगेच मरत नाही माणूस. खाली पडतो, थोडा वेळ असतो, आपल्यातल्या कुणीतरी येऊन उचलायचं असतं. कल्पेश गोळ्या खात यायचा उचलायला. आता मी पडलेला असतो आणि ते बाजूनं पळत जातात.

काशी : आमच्यात पण तसंच हाय.

विशाल : शेतीत? शेतीत कोण पडतं?

काशी : झाड. आंब्याची फळं दोन-तीनदा काढली की झाड सुकतं. आपण पाणी घालून चालत न्हाय. शेजाऱ्यानंच घालायचं. आपण नुसती पाटी लावायची, मदत करा म्हणून. नि वाट बघायची.

विशाल : मग येतं कोण?

काशी : रंजिता. पोरगी माजी. गणेशपुरीला दिलीय.

विशाल : बरंय की मग. पोरगी संपर्कात आहे.

काशी : बोलत न्हाय ती माज्याशी. दोन वर्षं होतील.

विशाल : बोलत नाही, आणि झाडाला पाणी घालते?

काशी : हां. तिचा बाबा हॉस्पिटलात होता तवा बाकड्यावर बसून जीव आंबून जायचा आमचा. तिनंच टाकून दिला गेम दोघींच्या फोनमधी. आई, माजं शेत तुज्या शेजारी, म्हणाली. तो गेला. मंग जमिनीला गिऱ्हाईक आलं. दीपेश म्हणला, ताईची हक्कसोडीवर सही पायजे, तिचा वाटा सोडायचा. ती म्हणाली, आई, तू सांगशील तसं. आणि मी सांगितलं, कर सही, माहेर न्हाय तुटायचं. सही केली तिनं. माज्याकडं बघितलं नि एसटी पकडली. दिवाळीला न्हाय आली, बापाच्या वर्षश्राद्धाला न्हाय.

विशाल : आणि तुम्ही फोन नाही केला?

काशी : फोनवर बोलावं लागतं, बाबा. झाडाला पाटी लावली तर बोलावं लागत न्हाय. सकाळी उठून बघितलं की आंबा हिरवा. म्हंजे आली होती पोरगी. मंग मी चहा ठेवते. एवढंच हाय माज्याकडं, आणि ते पण तू पुसायला निघालास.

विशाल : मी नाही ओ पुसत. थांबा, एक रस्ता आहे. शेत काय या फोनमध्ये नसतं, गेमवाल्यांकडं असतं. त्यांना लिहून कळवायचं, हे शेत आमचं आहे, फोन खराब झाला. ते देतात परत, बहुतेक. फक्त शेताचा कोड लागतो, कुठलं शेत ते कळायला. तुमचा फोन तर बंद आहे. पण शेजाऱ्याच्या फोनमध्ये दिसतो तो कोड, तुमच्या शेताच्या नावाखाली.

काशी : शेजारी एकच हाय माजा.

विशाल : तेच तर सांगतोय. लावू का फोन रंजिताताईला?

काशी : तू लाव. तूच बोल. मी हाय म्हणून सांगू नको.

विशाल : नंबर? तुमच्या फोनमध्ये तर...

काशी : पाठ हाय मला. लिही.

(रिंग वाजते. फोन स्पीकरवर.)

तुळजा : हॅलो, कोन?

विशाल : रंजिताताई आहेत का?

तुळजा : ती ड्युटीला गेली, पडघ्याला, गोडाऊनमधी. मी तिची सासू, तुळजा. हप्त्यावाले असाल तर आमी काय घेतलेलं न्हाय हां.

विशाल : नाही मावशी, भिवंडीतनं बोलतोय, मोबाईलच्या दुकानातून. ताईंच्या फोनमध्ये एक गेम आहे, शेतीचा. त्यातलं जरा बघायचं होतं.

तुळजा : मंग मलाच इचारा. मीच खेळते तो.

विशाल : तुम्ही? आणि ताई?

तुळजा : तिनं कवाच सोडला. माहेरच्या जमिनीची सही करून आली नि फोन माज्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, आई, हा तुमी वापरा, मला बघवत न्हाय. तिनं मंग कामाला लागल्यावर नवीन घेतला. तवापासून ह्या फोनची मालकीण मी. का, सासवांनी खेळायचा न्हाय का?

विशाल : खेळा की. नाही, म्हणजे... काकी, तुम्ही बोलता का?

तुळजा : कोन काकी? कोन हाय तिथं?

काशी : मी. काशी.

तुळजा : विहीणबाय? अवो, आहात कुठं तुमी? तुमचा गहू पिकून उभा हाय, गायी तोंड उघडून बसल्यात, कुणी बघायला न्हाय. म्हटलं, बाईला काय झालं का. इचारावं तर कुणाला इचारावं ह्या घरात.

काशी : झाडाला पाणी तुमी घालत होता?

तुळजा : मंग कोन घालणार?

काशी : मला वाटलं ती.

तुळजा : कोन ती?

काशी : रंजिता. नाव तिचंच दिसतं ना तुमच्या शेतावर. रोज मला वाटायचं, रागावली असली तरी येऊन जाते पोरगी.

तुळजा : अगं बाय.

काशी : सुनेला पण सांगायची मी. बघ, बोलत न्हाय पण येते.

तुळजा : मला कसं कळावं हो. नाव बदलायला मला येत न्हाय, म्हणून तिचं रायलं. मी आपली पाटी दिसली की पाणी घालायची.

काशी : शेत माजं, हे ठाऊक होतं तुमाला?

तुळजा : एवढं ठळक लिवलंय, काशीचं शेत. तेवढं वाचता येतं मला.

काशी : मंग कधी एक फोन न्हाय केला.

तुळजा : कसा करू? घरात तुमचं नाव काढलं की ती भांडी आपटते. तुमच्याशी बोलायचं न्हाय म्हणाली, मी बोलले न्हाय. पाणी घालायचं न्हाय असं काय ती बोलली नव्हती.

विशाल : काकी, पाणी देऊ? प्या जरा.

काशी : नको. त्यांना बोलू दे.

तुळजा : मी काय बोलू. मला तरी कोन हाय दुपारचं? पोरगा रिक्षावर, सून ड्युटीला, नातू शाळेत. जेवण उरकलं की तुमच्या शेतात येते एक चक्कर मारायला. दोन-चार जागी तुमी चुकता पण. ती विहीर अशी कोपऱ्यात कशाला टाकली? मधी घ्या, पाणी चहूकडं जाईल.

काशी : आमची विहीर कोपऱ्यातच होती.

तुळजा : हां. ती पण तेच बोलली.

काशी : कोण?

तुळजा : तुमची पोरगी, दुसरी कोन. कामावरनं आली की चहा घेऊन बसते माज्या बाजूला, तोंड भिंतीकडं करून. मंग हळूच इचारते, काय लावलंय तिनं आज. मी फोन पुढं करते. बघते नि उठते. पयल्यांदा बघितलं तवा बोलली, विहीर बरोबर जागेवर ठेवलीय. माज्याशी नव्हती बोलत, आपलीच बोलली.

काशी : रोज इचारते?

तुळजा : रोज. आता शेत बंद हाय तर दिवसातनं दोनदा-दोनदा इचारते. काल म्हणाली, आई, नीट बघा, नेट नसंल. माज्या चष्म्यावर घसरली.

काशी : तिला सांगा, बरी हाय मी.

तुळजा : ते तुमी सांगा की. गणेशपुरी काय लांब हाय का, तासाभराची एसटी.

काशी : सही मीच करायला लावली तिला. कुठल्या तोंडानं येऊ?

तुळजा : ते मला न्हाय ठाऊक. माजं आपलं एवढंच, तुमी आलात तर चुलीवरचं जेवायला घालीन.

विशाल : मावशी, त्या शेताच्या नावाखाली बारीक अक्षरात एक कोड असेल बघा. तो वाचून दाखवा मला. काकींचं शेत परत आणायचंय.

तुळजा : थांबा, चष्मा लावते. गेम उघडला की फोन नीट ऐकू येत न्हाय, असलं कसलं यंत्र. हां. हे इंग्लिश हाय. ते उभ्या काठीसारखं काय असतं?

विशाल : 'आय' किंवा एक. नाही तर असं करा, घरात कुणी आलं की त्याचा फोटो काढून याच नंबरवर पाठवा.

तुळजा : तीच येईल पाच वाजता. तिलाच काढायला लावते.

काशी : नको. तिला नका सांगू.

तुळजा : मंग कोन काढणार? नातू फोटो काढतो तर त्याचं बोट येतं मधी. तीच काढील. आणि आल्या आल्या ती इचारणारच, काय लावलंय म्हणून. शेत तर बंद हाय. मी काय सांगू?

काशी : सांगा भात.

तुळजा : अवो, भात कुठं मिळतो त्याच्यात?

काशी : ठाऊक हाय. तुमी भातच सांगा.