गौरम्माला सांगितलेला शेवट

हॅलो?… व्हय, आळंदच हे. वीरभद्रप्पांची अडत… मीच, सत्यभामाबाई. जोडा की बाई लवकर, जीव वर आलाय माझा… हॅलो, कोण, विमल?… बोल विमे, काकू बोलायले… व्हय, दम लागलाय. अडतीवरचा माणूस आला, लातूरहून तुमच्या पुतणीचा फोन हाय म्हणला. चुलीवर दूध तसंच सोडून पळत आले.

न्हाई न्हाई, सगळे ठीक हाईत… काका ठीक… गाय बी ठीक, परवाच व्याली… हां, आता विचारलीस. आई बी ठीक हाय. काकाला विचारलीस, गाईला विचारलीस, आन् आईचा नंबर तिसरा.

काय म्हणलीस?… येळवशीला येणार न्हाई?… येळा अमावस्येच्या सणाला?… कामून?

सुट्टी न्हाई म्हणं. मास्तरीणबाईला येळवशीला सुट्टी न्हाई, हे कुणाला सांगायलीस तू? त्या दिवशी लातुरात दुकानं उघडी नसतेत. सगळं गाव आपापल्या शेतात बाजरीचे उंडे आन् भज्जी खायला गेलेलं असतंय… खरं बोल की माझ्यासंगट.

…

हां. पुस्तकाचं म्हण मग. सुट्टीला आन् गाईला कशाला मधी घातलीस.

कोण म्हणला?… गुंडेराव? आपला वाचनालयाचा?… लातुरात भेटला व्हय. काय म्हणला?… गाव थुंकायलंय… आन् तू उभी राहून ऐकलीस? अगं ऐक ना. ऐक. त्या गुंडेरावानं तुझी कादंबरी कपाटात घालून कुलूप लावलं. पोरीबाळींच्या हाती जाऊ नये म्हणं. हे सांगितलं का तुला?… न्हाई न्हवं? आन् कुलूप लावायच्या आधी सवता दोन बार वाचला, हे तर सांगणारच न्हाई… मला कसं माहीत म्हणजे? त्याची बायको कोण, सुशीलाबाई. तिनंच सांगितलं, आन् तिनंच चावी काढून पुस्तक आणलं.

व्हय, वाचलं. सगळ्या बायांनी… म्हणजे ऐकलं. पुस्तक एक आन् बाया सतरा. कुणाच्या घरी न्यायचं? जिच्या घरी न्यावं तिचा नवरा विचारणार. मग गौरम्मा म्हणली, माझ्या माडीवर या दुपारच्या… वीरभद्रप्पांची गौरम्मा, दुसरी कोण. ते दिवसभर हितं अडतीवर तुरीच्या भावात. माडीवर काय चाललंय त्यांना काय माहीत.

आन् कसं वाचलं सांगू? पोथी लावतेत न्हवं, तसं. पाट मांडला, पाटावर तुझं पुस्तक, भोवती आम्ही. रोज एक अध्याय… बरं बाई, प्रकरण. सुशीलाबाईला सगळा जन्म पोथी वाचायची सवय, तिला सरळ वाचताच येईना. 'शालननं त्याचा हात धरला', हे सुद्धा चालीवर. निम्म्या बाया हात जोडून बसलेल्या. ती दोघं विहिरीवर भेटतेत न्हवं, ते प्रकरण संपलं आन् पार्वतम्मानं सवयीनं कापूर लावला.

हसलीस?… हस बाई, हस. कवाधरनं हसणं ऐकलं न्हाई तुझं.

मतं?… मतं कुठली ग, भांडणं झाली. सुशीलाबाई म्हणली, असली पोरगी माझ्या पोटी असती तर तंगडं मोडून घरात बसवली असती… आगं, तीच की. आन् दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. काल कुठं राहिलं होतं, म्हणून. पार्वतम्माचं उलटंच. ती म्हणली, लगीन करायचं हाय तर कर की, निम्मं पुस्तक नुसता विचार कामून करायलीस… त्यावरनं दोघी एकमेकींशी बोलंनात. पण शेजारीच बसायच्या. एकीला वाचायला दुसरीचा चष्मा लागतो.

माझं? माझं काय मत. मला ती शालन आवडली. तो सर्वेअर न्हाई आवडला… लई बोलतोय. जमीन मोजायला आलाय, साखळी कधी ओढताना दिसला न्हाई. नुसतं चांदण्यावर बोलणं. तुझा नवरा नरसिंग त्याच्यापेक्षा बरा. मी डोळे दाखवायला लातूरला आले तवा सगळा दिवस माझ्याबरोबर हिंडला, तोंडातनं शब्द काढला न्हाई. पण माझी पिशवी खाली ठेवू दिली न्हाई बघ… व्हय, सांगितलं. घरी आल्यावर सगळं सांगितलं मी अक्काला, तुझ्या आईला. पिशवी कुठल्या हातात धरली होती तेवढं विचारली.

…

सांगते की आईचं. तिथंच यायले.

खोटं कामून बोलू विमे. तिला लई लागलं. तू कोर्टात लगीन करून तिकडंच राहिलीस, ते तिनं गिळलं. पण पुस्तकातली आई पोरीला दार उघडत न्हाई, हे कुणीतरी येऊन सांगितलं तिला, आन् तवापासून घरात तुझं नाव काढायची चोरी. गावातल्या बायांना काय, पुस्तकातली शालन म्हणजे तू आन् ती आई म्हणजे भागाबाई… हां, तू तसं लिहिलं नसशील. पण गावानं तसं वाचलं. ती पाण्याला गेली की बाया गप व्हायच्या.

मग गौरम्मानं धरून आणलं तिला. गौरम्माला मराठी येती बाजारापुरती, पुस्तकातली कळत न्हाई. आन् कानडीत समजावून सांगावं तर तुझ्या आईनंच, तिचं माहेर अफजलपूरचं, तिथं सगळी कानडीच. गौरम्मानं सरळ सांगितलं, भागाबाई माझ्याजवळ बसून कानडीत सांगणार असंल तर माडी मिळंल, न्हाईतर जावा आपापल्या घरी. मग आली. येताना सूप आन् तुरीची डाळ घेऊन आली. आमच्याकडं पाठ करून बसली. म्हणली, मी पुस्तक ऐकायले न्हाई, गौरम्माला सांगायले तेवढं.

हॅलो… हॅलो, कोण मधी बोलायलंय?… वेळ झाली?… विमे, वाढव म्हण तिला. वाढव, मुद्द्याचं तर आता हाय… झालं?… हां.

तर रोज असं. सुशीलाबाई इकडं चालीवर वाचायची, तुझी आई तिकडं खाली मान घालून गौरम्माच्या कानात कुजबुज करायची. आमचं ध्यान पुस्तकात. तिचं कोण ऐकतंय.

मग आलं शेवटचं प्रकरण… ते दाराचं. शालन दिवेलागणीला येती, कडी वाजवती, आत दिवा हाय, आई जागी हाय, आन् उठत न्हाई. विमे, काय लिहिलीस ग ते. सुशीलाबाईची चालच बंद पडली. पहिल्यांदा सरळ वाचली ती. पार्वतम्मा रडत रडत त्या आईला शिव्या द्यायला लागली. आई हाय का दगड, असल्या बाईला पोर द्यावं का देवानं… आन् मला तुझ्या आईकडं बघायचा धीर होईना. पाठमोरी बसलेली. सूप तसंच हलायलंय.

तेवढ्यात गौरम्मा भांडायला उठली. म्हणली, त्या आईला कामून शिव्या देता? तिनं कडी वाजल्याबरोबर दार उघडलं. पोरीला आत घेतलं. पाय धुवायला ऊन पाणी दिलं. जावयाला चुलीजवळ बसवलं, पुन्हा तवा ठेवला, भाकरी टाकल्या. एवढी गुणाची बाई, आन् तुम्ही तिला दगड म्हणता?

…

तसंच म्हणली. माझ्या कानानं ऐकलं… न्हाई, तुझ्या पुस्तकात न्हाई ते. सुशीलाबाईनं पान उघडून नाकाला लावलं गौरम्माच्या. शेवटाला जावई न्हाईच म्हणली, पोरगी एकटी आलेली. गौरम्मा म्हणली, तुला वाचता येत न्हाई.

व्हय… व्हय ग. तुझ्या आईनंच.

…

विचारलं की. मीच विचारलं. अक्का, पुस्तकात दार बंद हाय, तू उघडं कामून सांगितलीस? मान वर केली न्हाई तिनं. डाळीतला खडा काढला, बाजूला टाकला. म्हणली, त्या पोरीची आई मला माहीत हाय, लिहिणारीला माहीत न्हाई.

…

विमे?… हाईस का?… हाईस. बरं. रड थोडं. मी बी त्या दिवशी घरी येऊन रडले, काकाला वाटलं कुणी गेलं.

आता एक विचारते, राग धरू नकोस. लगीन झाल्यावर तू कवा आलीस दारापतूर?… न्हाई न्हवं. वेशीपतूर तरी?… मग तिनं दार उघडलं न्हाई, हे तुला कुठनं कळलं ग? कडी वाजवली असतीस आन् ती उठली नसती, तर मीच म्हणले असते, लिही बाई, गावाला कळू दे. न वाजवताच लिहिलीस… भ्यालीस. व्हय, ती बी भ्याली. तू येशील आन् दारातनं परत जाशील म्हणून भ्याली. दोघी एका मातीच्या, काय करावं माणसानं.

काय?… न्हाई, शेवट बदलू नकोस. छापणारा पुन्हा काढतो म्हणतोय?… मग काढू दे की. हाय तसंच काढ. निम्म्या आळंदला रडायला आवडलंय ते. पार्वतम्मा तर घरी जाऊन सुनेला जवळ घेतली म्हणं, सून घाबरली. गौरम्माचा शेवट गौरम्मापाशी राहू दे. तुझं पुस्तक तू लिहिलीस, त्याला कामून हात लावतीस. तू आपली ये.

कुठं हाय म्हणजे?… कुठं असणार. मी पळत निघाले तर मागनं आली. आत आली न्हाई. पायरीवर पोत्याला टेकून बसलीय, ऐकू येत नसल्यासारखी. तू मला बोलावलीस, तिला न्हाई, ते बी कळलंय तिला… बोलवू?… एक काय ते सांग विमे, बोलवू का न्हाई?

…

अक्का… अक्का, ये आत… ये म्हणले न… पोरगी बोलवायलीय… विमे, सोडू नकोस, धरून राहा… हां, घे. तसं न्हाई अक्का, उलटं धरलीस. हे कानाला, हे तोंडापाशी. बोल आता.

…

…

मी हाय. आई.

…

व्हय. ऐकायले.

…

व्हय, तसंच सांगितलं मी गौरम्माला… चुकलं कशाला? माझं न्हाई चुकलं. पुस्तक चुकलंय.

…

रडू नकोस. न्हाई, मी न्हाई रडायले, सर्दी हाय… तू बी रडू नकोस. रडायचं हाय तर हितं येऊन रड.

…

त्याला… तुझ्या त्याला आंबट चालतंय का? आंबील घेतो का?… घेतो?… बरं. त्याला घेऊनच ये. एकटी नको… दुपारची गाडी नको, उमरग्याला खोळंबा होतोय. आदल्या दिवशी सकाळची धरा. ऊन व्हायच्या आत शेतात पूजा असती, तवा दोघं पाहिजेत.

…

येती?… न्हाई, आलं ऐकू. पुन्हा सांग.

…

हां.

…

हॅलो?… विमे?… सत्यभामा, ह्याच्यातनं आवाज येईना ग.

लाइन गेली अक्का. ठेव आता.

जाऊ दे. दोन बार म्हणली, येती म्हणून… चल लवकर, गिरणी बंद होईल. बाजरीचं पीठ पुरायचं न्हाई. दोन माणसांचे उंडे वाढले.