तात्यांच्या फोटोपुढे ठेवलेल्या रॅम

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकी, तुम्ही बसूनच राहा. खुर्च्या कमी पडल्यात, मागे बरेच जण उभे आहेत. त्यांना फार वेळ उभं ठेवणार नाही.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले होते. तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ‘बरं’ म्हणाले आणि सांगलीहून रहिमतपूरला यायला गाडी कोणती आहे ते बघितलं. काकी तेव्हापासून म्हणतायत, ‘एकदा रड की गं, मोकळी हो.’ काकी, अजून जमलेलं नाही. जे जमतं तेवढं बोलते.

तात्या, माझे चुलते, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आपल्या नगरपालिकेच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायला लागले. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी भरतीचा अर्ज तिथंच भरला. मशिनं सगळी जुनी, ऑफिसांनी मोडीत काढलेली. अर्ज अर्धा भरला की अडकायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्ज सुरू होतायत. त्याआधी मशिनांची रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, वाढवायची, असं तात्यांनी ठरवलं होतं. ते राहिलं. आता क्लास चालू राहणार की बंद होणार, हे सकाळपासून तुम्ही मला विचारताय. त्याचं उत्तर द्यायलाच मी उभी आहे.

सांगलीत मी एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळते. त्यामुळे तात्यांचा फोन मला यायचा.

‘ए पोरी, रॅम आणली. लय भारी हाय, एकदम नवी. पण बसंना की.’

‘तात्या, जोर लावू नका.’

‘जोर लावल्याबिगर काय बसतं का? आमचा वायरलेस सेट दोन बुक्क्या हाणल्या की चालायचा.’

‘हा वायरलेस सेट नाही. रॅमच्या खालच्या कडेला खाच आहे, ती बघा. स्लॉटमध्ये उंचवटा आहे. दोन्ही समोरासमोर यायला पाहिजेत.’

पलीकडून रॅम स्लॉटवर टेकवून बघितल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘न्हाई येत. जरा बाजूला हाय. कानस मारू का?’

हसा. मीही तेव्हा हसले होते.

मी सांगितलं, कानस खाली ठेवा. तुमच्या मशिनला जुन्या पिढीची डीडीआर थ्री लागते, तुम्ही पुढच्या पिढीची डीडीआर फोर आणलीत. लांबी सारखी असते, खाच वेगळ्या जागी असते. चुकीची बसू नये म्हणूनच ती तशी केलेली असते.

‘मंजी नवी चांगली न्हाई व्हय?’

‘चांगली आहे. या मशिनची नाही.’

त्यानंतर तात्या आधी मशीन उघडायला शिकले. आतल्या मदरबोर्डाचा नंबर बघायचा, तो बोर्ड किती रॅम घेतो ते शोधायचं, जुन्या रॅमवरचं लेबल वाचायचं. ‘आधी बोर्ड बघा, मग बाजार,’ हे तुम्ही सगळ्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलंय. ऐकलंय ना?

मग हे काय आहे?

आज फोटोपुढे हारांच्या शेजारी तुम्ही रॅम आणून ठेवल्यात. तात्या शेवटच्या आठवड्यात रॅम शोधत होते हे तुम्हाला कळलं. कुणी पुण्याहून आणली, कुणी सुट्टीवर येताना पलटणीच्या गावातून. मी एकेक हातात घेऊन बघितली. बऱ्याचशा चालणार नाहीत. आखूड आहेत त्या लॅपटॉपच्या. काही डीडीआर फोर आहेत.

आटपाडीच्या ताईंनी आणलेली रॅम सर्व्हरची, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या मशिनची आहे. पिढी तीच, खाच तीच. स्लॉटमध्ये नीट बसते, दोन्ही बाजूंच्या क्लिपा लागतात. पण या मशिनचा बोर्ड ती घेत नाही, मशीन सुरूच होत नाही. ताई, तुमची चूक नाही, बघून कळत नाही ते. मला माहीत होतं. तरी दुपारी खोलीत जाऊन मी ती बसवली. काढली, पुसली, पुन्हा बसवली. तात्यांच्या खुर्चीवर बसून बराच वेळ मी तेच करत होते.

टेबलाच्या या कोपऱ्यातल्या दोन मात्र चालतात. त्या मी बसवून बघितल्यात. दोन मशिनं आता अर्ज अर्ध्यात सोडणार नाहीत.

बाकीच्या जाताना परत न्या. मघाशी कुणीतरी म्हणालं, ‘आवं ताई, असू द्या की फोटोम्होरं, आठवण म्हणून.’ नको. तुमच्या घरच्या मशिनला त्यातली एखादी लागेल. इथं पडून तिचा कुणाला उपयोग नाही. ज्यांना द्यायचीच आहे त्यांच्यासाठी फळ्यावर लिहिलंय: डीडीआर थ्री, डेस्कटॉपची, साधी, चार जीबी. जुनी चालेल.

क्लास चालू राहील. दर रविवारी मी सांगलीहून येईन. तात्यांसारखं शिकवणं मला येणार नाही. चुकलात तर मी ओरडणार नाही, आणि पास झालात तर गावभर सांगत फिरणारही नाही. मशीन चालू असेल आणि तुमचा अर्ज पूर्ण जाईल, एवढं मी बघेन.

आता फोन बंद करा. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी बसूनच हात जोडा. तात्यांना गप्प बसलेली माणसं आवडायची नाहीत, तरी आज थोडा वेळ गप्प राहू या. संपलं की मी सांगेन. मला सांगता आलं नाही, तर काकी सांगतील.