टेबलावर फोडलेला नारळ

जगदेवी : ये शिवगंगे, अशी जवळ सरक. पीठ राहू दे परातीत. काल निलंग्यात काय तमाशा झाला ते सांगते. तुझ्या घरचीच गोष्ट हाय.

शिवगंगा : माझ्या घरची? आक्का, निलंगा तर आमच्या सुनेचं, आरतीचं माहेर.

जगदेवी : म्हणून तर सकाळचीच येष्टी धरून तुझ्याकडं नायगावला आले. खाजा टेलरची सादिया टेबल टेनिसात राज्यात पहिली आली. तिचा सत्कार होता.

शिवगंगा : चेंडू टकटक बडवायचा सत्कार! खुरपायला बाया मिळंनात, आन हितं शाली वाटून राहिलेत.

जगदेवी : ऐक तर. क्लबचे अध्यक्ष अण्णाराव. नव्या टेबलाला हळदकुंकू वाहिलं, आन त्याच्याच कोपऱ्यावर फाडदिशी नारळ फोडला!

शिवगंगा : मग? ट्रॅक्टरला फोडतातच की.

जगदेवी : ट्रॅक्टरवर चेंडू उसळावा लागत न्हाई, बाई! पडला की खड्डा. वर भाषण, "ह्या पोरीला मीच घडवलं." आन हातात बॅट कशी? उलथनं धरल्यावानी!

शिवगंगा : (हसू दाबत) पोरगी काय म्हणली?

जगदेवी : शाल घेतलीच न्हाई. माईकवर म्हणली, "मला आरतीदीदीनं शिकवलं. ती जिल्ह्यात चॅम्पियन होती, तवा मी तिचे चेंडू वेचायची. आधी तिला शाल द्या." अण्णाराव फिस्कन हसले, "कोण आरती? असंल तर रविवारी आण, खेळून दाखवू दे. न्हाईतर सगळ्यांपुढं माफी माग."

शिवगंगा : आमची आरती चॅम्पियन? कधी बोलली न्हाई.

जगदेवी : बोलली होती की, लग्नाच्या बैठकीत. तूच म्हणलीस, "ती फळी माहेरीच ठेवून ये."

शिवगंगा : मग काय सुनेनं चारचौघांत उड्या मारायच्या? लोक तोंडात शेण घालतील.

जगदेवी : वा गं भाविक! सप्त्यात पहिल्या रांगेत बसतीस. एवढ्याशा मुक्ताईनं चांगदेवाला शहाणं केलं, हे बुवा गायले की पदरानं डोळे पुसतीस. आन घरातली गुरू चुलीपुढं भाकरी थापून राहिली, ती दिसंना व्हय तुला?

शिवगंगा : ...बरं, जाऊ दे रविवारी. पण एवढ्या वर्षांनी हात चालंल का तिचा?

जगदेवी : मला काय पुसतीस? तिलाच पूस.

शिवगंगा : कोणत्या तोंडानं पुसू, आक्का? तुला काय आवडतं गं, एवढंबी कधी पुसलं न्हाई.

जगदेवी : मग आज दिवा लावताना एवढं कर. देवापाशी तू लेकाचं मागतीस, नातवाचं मागतीस, म्हशीचंसुद्धा मागतीस. आज आरतीची आठवण ठेव.