कापलेली वायर

मेश्राम मॅडमचे यजमान, त्यांची मुलगी प्रज्ञा, प्राचार्य सर, आणि हिंजवडीहून ट्रॅफिक तुडवत आलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो,

वर्गात मी सलग दोन तास बोलते. आज दोन मिनिटं जड जातायत.

आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या सहायक मेश्राम मॅडम रविवारी आपल्याला सोडून गेल्या. नागपूरकडून आल्या आणि इथल्याच झाल्या. पहिल्या दिवशी कोणीतरी 'मावशी' म्हणालं. त्या म्हणाल्या, "मावशी घरी. इथं मेश्राम मॅडम." झालं. तेव्हापासून प्राचार्यही मॅडमच म्हणत.

प्रज्ञा, मला आज तुझ्यासमोर एक कबुली द्यायची आहे.

मी इथेच एम.एस्सी.ला होते. प्रोजेक्टची घाई, त्यात रसायनं गरम पाण्यात ठेवून तापवायचा वॉटर बाथ बिघडलेला. आम्ही डबे गरम करायचो त्या मायक्रोवेव्हमध्ये मी अ‍ॅसिटोनचा चंबू ठेवला. अ‍ॅसिटोन म्हणजे, नेलपॉलिश काढतो ना, तेच. बोट बटणावर होतं. मॅडमनी प्लग उपटला.

"काय करून राहिलीस तू?"

मी म्हटलं, "मॅडम, यात ज्योतच नाही. पेटेल कसं?"

"वाफ आत कोंडते. आतल्या स्विचची ठिणगी तुला दिसत नाही. दार तोंडावर आलं की दिसेल."

मग पक्कड घेतली आणि वायरच कापली. मी विचारलं, कापायची काय गरज होती? म्हणाल्या, "तू ऐकशील. तुझ्यानंतरची ऐकेल कशावरून?"

मी तरी ऐकलं का? नाही. मी विभागप्रमुखांकडे तक्रार केली. मॅडम अरेरावी करतात, मुलांना थंड डबे खावे लागतात. चंबूबद्दल चकार शब्द काढला नाही. मॅडमना मेमो मिळाला, कॉलेजच्या वस्तूची नासधूस केली म्हणून. त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मी इथे शिकवायला लागले, तेव्हा पहिला चहा त्यांनीच पाजला. मी तरीही गप्प.

परवा त्यांचा खण आवरताना त्या कापलेल्या वायरचा हा प्लग सापडला. भोवती तो मेमो गुंडाळलेला, आणि मेमोमागे त्यांच्या उत्तराची प्रत. वाचून दाखवते. "वायर मी कापली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा कापीन." खाली सही. बाकी काही नाही.

किती बॅचेस या प्रयोगशाळेतून बाहेर पडल्या. एकाची भुवईसुद्धा जळली नाही. मला त्यांचा अभिमान वाटतो, प्रज्ञा. रडू येतंय, पण अभिमान जास्त आहे.

प्राचार्य सर, माझा लेखी जबाब सकाळीच तुमच्या टेबलावर ठेवलाय. तो मॅडमच्या फाइलला, त्या मेमोच्या वर लावा.

प्रज्ञा, हा प्लग तू घे. आता सगळ्यांनी उभं राहू या. इतकी वर्षं मी गप्प राहिले ती भीतीपोटी. ही दोन मिनिटं तरी मला त्यांच्यासाठी गप्प राहू द्या.