पिंपं बाहेर, कागद आत

...नाही, जपा ना! कोण नको म्हणतंय? पण बियरचा कारखाना जपायचा म्हणून बियरलाच घराबाहेर काढायचं, हे कुठल्या शहाण्याला सुचलं?

तुम्हाला सांगतो, आमचा कारखाना जुना. म्हणजे इतका, की ज्या पिंपाला टेकून माझ्या आज्यानं झोपा काढल्या, त्याच पिंपाला टेकून मी झोपा... देखरेख केली. आंबवणं, मुरवणं, चाखणं, सगळं माझ्याकडे! आणि एक दिवस मालकांना इतिहासाचा झटका आला. "अहो, आपला वारसा! लेबलं, नकाशे, फोटो, सगळं शेकडो वर्षं टिकलं पाहिजे. पुढच्या पिढ्यांसाठी!"

मग आल्या अभिलेखागाराच्या, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या बाई. पांढरे हातमोजे, आवाज इतका हळू की मला वाटलं, कोणी गेलंबिलं की काय! हापिसात गेल्या, "धूळ फार." माडीवर गेल्या, "ऊन फार." आणि उतरल्या माझ्या तळघरात... डोळेच मिटले हो बाईंनी! "अहाहा! गार, अंधार... कागदांचं माहेर!"

अहो बाई, ते गार कुणासाठी आहे? बियर मुरायला!

"पण काका, या पिंपांची ओल येते. कागदांना बुरशी लागेल. आणि ही बुडबुड कसली?"

अहो, जिवंत आहे ती!

गेलो मालकांकडे. म्हणाले, "बियर काय, पुन्हा करता येईल. इतिहास पुन्हा करता येतो का?" भिंतीवर डोकं आपटावं म्हटलं, तर भिंतीवर पाटी : 'ऐतिहासिक भिंत. हात लावू नये.' पुढच्या पिढ्यांसाठी!

आणि पुढची पिढी कुठे होती, विचारा ना! तिथंच, गमबूट घालून उभी! माझी पोरगी हो. "बाबा, मला तुमचंच काम शिकवा" म्हणाली तेव्हा छाती अशी फुगली माझी! बायको म्हणाली, "घरात एकाच्या अंगाला वास येतो, तो पुरे नाही का?" पण शिकवली. तिचं पहिलं पिंप मुरत होतं तिथं. येता-जाता कान लावून ऐकायची. म्हटलं, बाई, एवढं एक मुरू द्या. "काका, एका पिंपासाठी इतिहासानं ताटकळायचं का?"

काढलं वर. वर ही उष्णता... आंबट ढाण झालं! पोरीनंच मोरीत ओतलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? आणि बाई फोटो काढतायत! "शेवटचं पिंप, काका. नोंद हवी ना... पुढच्या पिढ्यांसाठी!"

मग पोरीनं काय करावं? नोकरी धरली. कुठं? त्याच तळघरात, बाईंच्या हाताखाली, कागद सांभाळायची!

काल गेलो. बरणीत आमचं जुनं यीस्ट होतं, आज्यापासून चालत आलेलं, घरी फ्रिजमध्ये बायकोच्या शिव्या खाऊन जगवलेलं. म्हटलं, खरा वारसा हा, ठेवा आत! तर दारात पोरगी. हातमोजे... आणि आवाज, अगदी तस्साच हळू!

"बाबा, जिवंत काही आत घेत नाहीत."

"आणि मला गं?"

"तुम्ही आहात की आत. तुमची मुलाखत रेकॉर्ड करून ठेवलीय, कपाटात."

म्हणजे बघा, आवाज आत, मी बाहेर, हातात बरणी! नुसता आत जायचा प्रश्न असेल, तर म्हटलं काय घाई आहे? मरतो सावकाश, मग घ्या!